जोरदार व्यायामानंतर थोडा वेळ दुखणं कमी जाणवतं, हे खरं की भास?

तुम्ही लिहिलंय की चार मिनिटांचा टबाटा (काही सेकंद जोरदार व्यायाम, काही सेकंद विश्रांती, असं आलटून-पालटून) संपला की दुखरा गुडघा गप्प होतो, मांडीला चिमटा काढला तरी फारसं काही वाटत नाही. भास नाही तो, मोजता येतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज टाकलेलं वाक्य, ‘सर म्हणतात एंडॉर्फिन सुटतं, दुखत नाही ना, मग मार अजून दोन सेट’, ते वाचून राहवलं नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. दाब वाढवत नेताना ‘आता दुखायला लागलं’ म्हणता तो उंबरठा. ‘बास, काढा’ म्हणता ती सहनशक्ती. व्यायामानंतर उंबरठा वर सरकतो तो तात्पुरता. ज्या स्नायूने काम केलं तिथे जास्त, लांबच्या भागात कमी, आणि बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरतो. सहनशक्ती मात्र आठवडे-महिने सराव केल्यावर वाढते, आणि तीही संथ व्यायामापेक्षा धाप लागेल अशा व्यायामाने जास्त, असं दिसलंय.

घरी तपासायचं तर बर्फाची बादली घ्या. (अंगठ्याने दाबून बघू नका, दरवेळी जोर वेगळा पडतो.) अर्धी बादली पाणी, भरपूर बर्फ, दहा मिनिटं थांबून थर्मामीटरने बघा: २ ते ४ अंश हवं. हात आधी ३२ अंशांच्या कोमट पाण्यात दोन मिनिटं धरा. ही पायरी लोक गाळतात आणि सगळं वाया जातं, कारण व्यायामाने हात गरम झालेला असतो आणि गरम हात बर्फात तसाही जास्त टिकतो. मग मनगटापर्यंत हात बुडवा. पाणी कुणीतरी सतत ढवळत राहायला हवं, नाहीतर हाताभोवतीचं पाणी कोमट होतं आणि आपण उगाच शूर ठरतो. घड्याळ दुसऱ्याच्या हातात, तुम्हाला न दिसेल असं. ‘दुखलं’ आणि ‘काढतो’ या दोन्ही वेळा लिहून घ्या. तीन मिनिटं झाली की काहीही वाटत असो, हात बाहेर.

मग भिंतीला पाठ टेकून, गुडघे जवळपास काटकोनात ठेवून, तीन मिनिटं बसा. श्वास कोंडू नका, रक्तदाब उसळतो. तुमचा गुडघा दुखरा आहे, तर थोडं वरच बसा. उठल्यावर लगेच कोमट पाणी, मग बर्फ. दुसऱ्या दिवशी हेच सगळं, फक्त भिंतीऐवजी तीन मिनिटं खुर्चीत बसून. ही तुलना नसेल तर आकड्यांना अर्थ नाही, कारण दुसऱ्यांदा हात घालताना माणूस सरावलेला असतो. फरक छोटा निघाला तर दचकू नका: पायांनी काम केलं आणि हात मोजला. शिवाय थंडीपेक्षा दाबाच्या वेदनेत हा परिणाम ठळक दिसतो.

भावावर प्रयोग करणार असाल तर त्याला आधी काही सांगू नका. डेन्मार्कमध्ये भिंतीला टेकून बसायच्या याच व्यायामावर चाचणी झाली. ‘याने दुखणं कमी होतं’ असं सांगितलेल्यांचा उंबरठा वर गेला, ‘वाढतं’ असं सांगितलेल्यांचा खाली आला. म्हणजे सरांचं भाषणसुद्धा औषधाचा भाग आहे!

आता एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं वेदनाशामक. रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही, आणि ते पेशींवर ज्या जागी चिकटतं त्या जागा (अफूवर्गीय ग्राहक) औषधाने बंद करूनही व्यायामानंतरचा हा आराम अनेक चाचण्यांत टिकला. शरीरातली गांजासदृश द्रव्यं आणि वाढलेला रक्तदाब यांचाही त्यात हात असावा. सर अगदीच चूक नाहीत: २०१८ साली फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा माग काढणाऱ्या चित्रणात, दाखवलं की जोरदार टप्प्याटप्प्याच्या व्यायामानंतर मेंदूत एंडॉर्फिनसारखी अफूसदृश द्रव्यं सुटतात, तासभराच्या मध्यम व्यायामानंतर तसं दिसलं नाही. गंमत म्हणजे सुटली ती आनंदासोबत नाही, त्रासलेल्या मनःस्थितीसोबत.

पण ‘दुखत नाही, म्हणजे गुडघा ठीक’ हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं. तेवढा वेळ दुखण्याची जाणीव बदलते, गुडघा तोच असतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं) दुखणं तर नेमकं असंच वागतं: अंग तापलं की पळतं, सकाळी जिना उतरताना परत हजर. म्हणून सेटमधलं दुखणं मोजू नका, दुसऱ्या दिवशीचं मोजा. रोज एकाच वेळी, एकाच पायरीवरून, एका पायावर हळू उतरा आणि दुखण्याला दहापैकी गुण द्या. नेहमीपेक्षा दोनने जास्त आले आणि २४ तासांत उतरले नाहीत, तर आधीच्या दिवशीचं वजन किंवा उड्या जास्त झाल्या. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील, दाबल्यावर दुखत असतील आणि एक ते तीन दिवसांत जात असेल तर ती साधी अंगदुखी, तिला घाबरायचं कारण नाही.

गुडघा सुजतो, अडकतो किंवा दगा देतो, तर हे सगळं सोडून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सर्वांगदुखीचा जुना आजार असलेल्यांना जोरदार व्यायामानंतर उलट जास्त दुखू शकतं, त्यांनी माझं ऐकून टबाटा सुरू करू नये. आणि हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण, थंडीत बोटं पांढरी पडणं किंवा हाताला जखम, यातलं काहीही असेल तर बर्फाची बादली नको.