रोबोटिक्सचं पुस्तक घेताना कुठलं पान उघडावं?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या अकरावीतल्या मुलीला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते, म्हणून तुम्ही रसेल-नॉर्विग यांचं ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ मॉडर्न अप्रोच’ आणि थ्रन, बुर्गार्ड व फॉक्स यांचं ‘प्रोबॅबिलिस्टिक रोबोटिक्स’ आणलंत. दोन्ही पन्नासाव्या पानापुढे सरकली नाहीत आणि आता रोबोटिक्स आणि एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) हा विषयच तिला झेपेल का, अशी शंका तुम्हाला येतेय. पहिलं हजारावर पानांचं विद्यापीठीय पाठ्यपुस्तक, दुसऱ्यात संभाव्यतेचं गणित सुरुवातीपासूनच. पदवीच्या मधल्या वर्षांत दोन्ही उपयोगी पडतील. तोवर कपाटात असू द्यात.

करून शिकवणारं पुस्तक निवडताना प्रस्तावना सोडा आणि मधलाच एखादा प्रकल्प उघडा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर जोडलेली आकृती मिळाली तर उत्तमच. या सेन्सरचा ‘एको’ पिन ५ व्होल्ट देतो, रास्पबेरी पायचे पिन मात्र ३.३ व्होल्टचे. म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर (विजेला रोध करणारे छोटे भाग) लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. आकृतीत तार थेट गेली असेल तर पुस्तक खाली ठेवा; त्याबरहुकूम जोडणी केली तर बोर्ड जाऊ शकतो.

मग आवृत्तीचं साल बघा. ‘प्रिंट’पुढे कंस नसेल तर तो पायथॉन २ चा कोड, आणि पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मशीन लर्निंगसाठी वापरलं जाणारं टेन्सरफ्लो २ हे सॉफ्टवेअर २०१९ मध्ये आलं; त्याआधीचा ‘सेशन’ उघडणारा कोड आता जसाच्या तसा चालत नाही. रोबोटांसाठीचं सॉफ्टवेअर आरओएस १, त्याचाही आधार मे २०२५ मध्ये थांबला, तेव्हा आरओएस २ वरचंच पुस्तक घ्या. जुन्या पुस्तकातला कोड अडला की मुलांना वाटतं आपलंच चुकलं, आणि तिथेच पुस्तक मिटतं.

सुरुवात मासिमो बान्झी यांच्या ‘गेटिंग स्टार्टेड विथ आर्डुइनो’ने करा. लहानसं आहे, आणि लेखक आर्डुइनो या शिकाऊंसाठीच्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाच्या संस्थापकांपैकीच एक. त्यानंतर तिने मोटरवर चालणारी दोन चाकांची गाडी बनवावी. इथे हमखास घोळ होतो तो विजेचा. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटर लावली की ती सुरू होताना व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो आणि गाडी जागच्या जागी आचके देते. मोटरला सहा एए सेलचा वेगळा खोका द्या. चार सेल पुरत नाहीत, कारण मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे एल२९८एन ड्रायव्हर, स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडले नाहीत तर मोटर बोर्डाचं ऐकतच नाही. हे सगळं जे पुस्तक आधीच सांगून ठेवतं, त्याच्या लेखकाने ही जोडणी स्वतः करून पाहिलेली असते.

एआयसाठी ओरेलियन जेरॉन यांचं ‘हँड्स-ऑन मशीन लर्निंग’ घ्या. सायकिट-लर्न (पायथॉनमधलं मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर) आणि टेन्सरफ्लोवरची २०२२ ची तिसरी आवृत्ती चालेल. त्यातला सायकिट-लर्नचा पहिला भाग साध्या लॅपटॉपवर होतो. दुसऱ्या प्रकरणात घरांच्या किमतींचा अंदाज बांधणारा अख्खा प्रकल्प आहे. तो तिने स्वतः टाइप करून पुरा करावा. कॉपी-पेस्ट केलं तर हाती काही लागत नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक्सची शाखा घ्यायची की संगणकाची, हे एवढ्यात ठरवू नका. गाडी अडली की ती आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) उचलते की कोड उघडते, याकडे सहा महिने लक्ष ठेवा. मग पुन्हा लिहा.