प्रश्न तुमचे: नोट्स दिसतात, पण वाचल्या जात नाहीत

प्रश्न : नववीच्या भूगोलाच्या माझ्या नोट्स कुणालाही मोफत घेता याव्यात म्हणून पीडीएफ करून ठेवल्या आहेत. वर्गातल्या अंध विद्यार्थ्याच्या संगणकावर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) मात्र त्यातलं भलतंच काहीतरी वाचतो. दोष एनव्हीडीएचा का?
– एक शिक्षिका, दादर

उत्तर : नाही, फाइलचा. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मजकूर निवडताच येत नसेल तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर टायपिंग जुन्या, बिगर-युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड) फॉन्टमधलं आहे : पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलमध्ये भलतंच अक्षर साठलेलं असतं. मराठी उमटलं पण वेलांट्या, जोडाक्षरं विस्कटली, तर टायपिंग ठीक आहे, घोळ पीडीएफ करताना झाला. देवनागरीत हे वारंवार होतं, कारण ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि छापताना आधी. पीडीएफमध्ये बरेचदा छापील क्रमच उरतो.

फोटो असतील तर ३०० डीपीआयने स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने मराठी मजकूर काढा. ते मोफत आहे. जुना फॉन्ट असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा. दोन्हींनंतर मुद्रितशोधन हवंच. रफार हमखास सटकतो. ‘पर्वत’, ‘सूर्य’ असे शब्द शोधून पाहा.

मग वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो. धड्यांच्या नावांना नुसतं ठळक करू नका, हेडिंग १, हेडिंग २ या शैली द्या. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबत विद्यार्थी थेट हव्या त्या धड्यावर पोहोचतो; ठळक अक्षरांनी ते होत नाही.

नकाशांना पर्यायी मजकूर (चित्राच्या जागी वाचून दाखवलं जाणारं वर्णन) लिहा, आणि इथे घाई करू नका. ‘कोकणातील नद्यांचा नकाशा’ एवढ्याने त्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘उल्हास, सावित्री, वाशिष्ठी : उत्तरेकडून दक्षिणेकडे या क्रमाने, तिन्ही सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्राला मिळतात’ असं लिहा. नकाशातून जे शिकवायचं आहे, तेच शब्दांत यायला हवं.

शेवटी ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. त्यात शीर्षकांची रचना पुसली जाते. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा. पण तुमच्या विद्यार्थ्याला आम्ही वर्ड फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) द्यायला सांगू. वर्ड फाइलचं ईपब करणारं, डेझी कन्सॉर्शियम या संस्थेचं वर्डटूईपब मोफत आहे.

प्रश्न : माझ्या धड्यांवर ‘बदल करू नये’ अशी क्रिएटिव्ह कॉमन्सची (साहित्य इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यांची) अट आहे. कुणी ब्रेल केलं तर चालेल?
– एक निवृत्त शिक्षक, मुलुंड

उत्तर : चालेल. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात रूपांतराची मुभा आली. तुमची अट ती काढून घेऊ शकत नाही. मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कुणी धडा सोप्या भाषेत लिहून सर्वांसाठी खुला करू पाहील, तर तो या अटीपाशी अडेल. त्याऐवजी बदलाला परवानगी देणारा सीसी बाय (फक्त श्रेय द्यावं) किंवा सीसी बाय-एसए (श्रेय द्यावं, बदललेलं साहित्यही त्याच अटींवर खुलं ठेवावं) हा परवाना घ्या, आणि पीडीएफशेजारी मूळ वर्ड फाइलही ठेवा.