पीएसआय म्हणून आठ वर्षं काढली, मग अमेरिकेत शेरीफपदाला उभं राहता येईल?

प्रश्न : मी महाराष्ट्र पोलिसांत आठ वर्षं पीएसआय होतो. २०११ साली राजीनामा देऊन कॅलिफोर्नियात आलो, सॅन होजे स्टेटमधून एमएस केलं, आयटीत स्थिरावलो, नागरिकही झालो. फ्रीमाँटला राहतो, आता ट्रेसीला घर घेतोय. शनिवार-रविवार रिझर्व्ह डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा राखीव अधिकारी, म्हणून बिनपगारी काम करतो. फ्रीमाँट ज्या अलामेडा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथल्या शेरीफपदाला, म्हणजे निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या पदाला, २०२८ साली उभं राहायचंय. मित्र म्हणतात, जन्म भारतातला, त्यामुळे जमणार नाही.

उत्तर : जन्माची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यापुरती आहे. शेरीफला ती नाही. तुमचं अडतं ते अनुभवापाशी, आणि पोलिसात वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकताना राग येणार.

कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नमेंट कोडमधलं कलम २४००४.३ पाहा. पोलीस प्रशिक्षणाचं राज्य मंडळ, म्हणजे 'पोस्ट', त्याचं अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल, तर शिकलात जितकं जास्त तितकी नोकरी कमी लागते : हायस्कूलवाल्याला चार वर्षं, असोसिएट डिग्रीला (कॉलेजची दोन वर्षांची पदवी) तीन, बॅचलर्सला दोन, मास्टर्सला एक. तुमच्या एमएसमुळे एकाच वर्षावर भागेल. पण ते वर्ष पूर्णवेळ आणि पगारी हवं, पीनल कोडच्या ८३०.१ किंवा ८३०.२ कलमात बसणाऱ्या पदावरचं हवं, आणि त्यातला काही काळ तरी अर्जाआधीच्या पाच वर्षांतला हवा. या कलमांत शेरीफचे डेप्युटी, शहर पोलीस, हायवे पेट्रोल असे इथलेच अधिकारी येतात. महाराष्ट्रातली आठ वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. रिझर्व्हचं काम पगारीही नाही, पूर्णवेळही नाही.

ही अट १९८९ पासूनची. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हेनेसी हे कैद्यांना कायदेशीर मदत करणारे वकील १९८० साली शेरीफ झाले आणि २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले. आज पहिल्यांदा उभे राहिले असते तर त्यांचा अर्जच टिकला नसता. मला विचाराल तर हा निवाडा मतदारांवर सोडायला हवा होता. पण कायदा आहे तो आहे.

आता वेळेचं बघा. २०२८ची प्राथमिक फेरी मार्चमध्ये आहे आणि अर्जाची मुदत मतदानाच्या ८८ दिवस आधी, म्हणजे डिसेंबर २०२७ मध्येच संपते. तोवर अधिकारी म्हणून पूर्ण वर्ष भरलेलं हवं. पोलीस अकादमीतल्या प्रशिक्षणाचे महिने त्यात मोजू नका, वाद ओढवेल. हे जमणार नसेल तर पुढची निवडणूक २०३२ची. नोकरी घेताना नेमणूकपत्रातलं कलम वाचा. तुरुंगातल्या कस्टोडिअल ऑफिसरच्या जागा ८३१ किंवा ८३१.५ खाली असतात; गणवेश सारखाच दिसला तरी त्या चालणार नाहीत. पदवी आणि अनुभवाचे कागद अर्जासोबतच जोडावे लागतात. मतपत्रिकेवर नाव न छापता, मतदारांनी हाताने लिहायच्या उमेदवारीलाही यातून सूट नाही.

आणि ट्रेसी सॅन वाकीन काउंटीत येतं! उमेदवारीचे कागद घ्याल त्या दिवशी तुम्ही अलामेडाचे नोंदणीकृत मतदार असायला हवं. घर घ्या, खुशाल भाड्याने द्या. मुक्काम मात्र फ्रीमाँटलाच ठेवा.