नारिंगी डाग परत का आला?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या लहानपणी, आमच्या घरी केबलचे कनेक्शन नुकतेच आले होते तेव्हा, निक वाहिनीचे नाव एका नारिंगी डागावर लिहिलेले असायचे. पुढे तो डाग गेला आणि नुसती नारिंगी अक्षरे उरली. आता माझी मुलगी मोबाइलवर कार्टून पाहते, तर तिथे तो डाग पुन्हा दिसतो. परतच आणायचा होता, तर काढला कशाला?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : तुमच्या आठवणीतला डाग म्हणजे धुळवडीला रंगाचा फुगा भिंतीवर फुटल्यावर उमटतो तसा, कडांनी शिंतोडे उडालेला. तो कसा आला हे सांगितल्याशिवाय तो का गेला हे कळणार नाही, म्हणून थोडे मागे जातो.

तुमच्या ‘निक’चे पूर्ण नाव निकेलोडियन. मुलांची ही वाहिनी या नावाने अमेरिकेत १ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. निकेल म्हणजे पाच सेंटचे नाणे; विसाव्या शतकाच्या आरंभी जिथे पाच सेंटमध्ये चित्रपट पाहायला मिळत, त्या छोट्या चित्रपटगृहांना निकेलोडियन म्हणत. साहजिकच वाहिनीच्या पहिल्या बोधचिन्हात जुन्या चित्रयंत्रात डोकावून पाहणारा एक माणूस होता. १९८१ मध्ये तो जाऊन चंदेरी गोळ्यावर रंगीबेरंगी अक्षरे आली. दोन्ही चिन्हे मोठ्या माणसांना समजणारी होती. सात वर्षांच्या मुलाला पाच सेंटच्या चित्रपटगृहाचे काय?

१९८४ पर्यंत वाहिनी तोट्यात होती आणि प्रेक्षकसंख्येत तळाला होती. तेव्हा फ्रेड सायबर्ट आणि ॲलन गुडमन यांना बोलावण्यात आले. १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीची ओळख घडवण्यात या दोघांचा वाटा होता. एमटीव्हीच्या चिन्हात ठसठशीत एम आणि त्याच्यावर हाताने फवारल्यासारखी लहान टीव्ही ही अक्षरे कायम असत, पण रंग आणि पोत दर वेळी वेगळा : कधी विटांचा, कधी ठिपक्यांचा, कधी झेब्र्याच्या पट्ट्यांचा. निकेलोडियनसाठी टॉम कोरी आणि स्कॉट नॅश या चित्रकारांनी हीच रीत उलटी केली. त्यांनी रंग पक्का केला आणि आकार मोकळा सोडला. गडद नारिंगी रंग आणि त्यावर फुग्यासारखी गुबगुबीत पांढरी अक्षरे, एवढे दोनच नियम होते. त्या नारिंगीचा आकार आज डाग, उद्या मासा, परवा हाडूक, तेरवा पावलाचा ठसा किंवा हवेत तरंगणारे फुगीर विमान असा काहीही चालत असे.

गेली अनेक वर्षे मी उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून दाखवतो. बोधचिन्ह म्हणजे एकदा काढून चौकटीत डांबलेले चित्र, असे त्यांनी धरलेले असते. इथे मात्र ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत अशा मुलालाही रंगावरून वाहिनी कळत होती, आणि आज कोणता आकार दिसेल याची उत्सुकताही राहत होती. नारिंगी हा रंग इतर रंगांत सहजासहजी मिसळत नाही, तो वेगळा उठून दिसतो. त्याचा हा हट्टी स्वभावच इथे कामी आला.

मग २००९ मध्ये तो काढला का? दरम्यानच्या पंचवीस वर्षांत एका वाहिनीच्या पाच झाल्या होत्या. लहान मुलांसाठी एक, किशोरांसाठी दुसरी, रात्रीच्या मालिकांसाठी तिसरी, नुसत्या कार्टूनसाठी चौथी, आणि प्रत्येकीचे चिन्ह वेगळ्या वळणाचे. ही भावंडे एकाच घरातली आहेत हे पडद्यावर दिसेना. म्हणून २८ सप्टेंबर २००९ पासून सगळ्यांना एकाच धाटणीची साधी गोलसर अक्षरे देण्यात आली. वेबसाइट, खेळणी, डबे, दप्तरे अशा सगळ्या ठिकाणी ती सुटसुटीत बसत. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा नव्हता, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण त्या अक्षरांत दंगा नव्हता, आणि ज्या वाहिनीच्या कार्यक्रमांत माणसांच्या डोक्यावर हिरवा चिखल ओतला जातो, तिला इतके नीटनेटके चिन्ह मला कधीच शोभले नाही.

डाग पूर्णपणे पुसला गेलाच नाही. २०१५ मध्ये जुन्या कार्यक्रमांच्या एका विभागाला ‘द स्प्लॅट’ असे डागाचेच नाव दिले गेले, म्हणजे ज्यांचे बालपण त्या नारिंगीत गेले त्यांना हाक मारायला तेवढा एक शब्द पुरेसा होता. २०२३ मध्ये डाग मुख्य चिन्हात परतला. तोपर्यंत ती मुले आईबाप झाली होती. घरात वाहिनी कोणती लावायची, मोबाइलवर काय पाहू द्यायचे, हे आता तीच ठरवतात, आणि तुम्ही पत्र लिहिलेत यावरूनच ते दिसते. फक्त एवढे लक्षात घ्या की हा तुमच्या लहानपणीचा डाग नव्हे. मुख्य चिन्हात त्याचा आकार एकच ठरलेला आहे, आणि अक्षरेही ती जुनी गुबगुबीत नाहीत. मुलीला एकदा जुने आणि नवे चिन्ह शेजारी ठेवून दाखवा. फरक तीच आधी सांगेल.

प्रश्न : खासगी वाहिन्या सारख्या चेहरा बदलतात. दूरदर्शनने कधी बदलला नाही का?
– एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बदलला, पण मूळ रेषा सोडली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेला तो डोळा १९७६ मध्ये, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले तेव्हा, पडद्यावर आला. दोन वक्र आकार फिरत फिरत जुळतात आणि मधल्या गोलासह डोळा होतो, ही हालचाल आणि पंडित रविशंकर यांची धून यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की धून ऐकली तरी डोळा दिसतो. पुढे रंग आणि चकाकी अनेकदा बदलली. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजचा लाल रंग जाऊन भगवा आला तेव्हा देशभर वाद झाला. एका रंगावरून एवढे बोलले गेले, ते चिन्ह लोकांना आपले वाटते म्हणूनच.

प्रश्न : मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. आमच्या भागातला केबलवाला स्वतःची स्थानिक वाहिनी दाखवतो आणि तिचे बोधचिन्ह मला करायला सांगतो आहे. नाव मराठीत हवे आणि संत्रे हवेच, असा त्याचा आग्रह आहे. काय काळजी घ्यावी?
– एक पेंटर, इतवारी, नागपूर

उत्तर : संत्र्याचे आधी सांगतो. नागपुरात मिठाईच्या खोक्यापासून ट्रॅव्हल्सच्या काचेपर्यंत सगळीकडे संत्रे आहे, त्यामुळे ते शहर सांगेल, तुमच्या ग्राहकाची वाहिनी सांगणार नाही. त्याचा आग्रह मोडवत नसेल तर फळ काढू नका, नुसता रंग घ्या, आणि तो पाटी, पावती, पडदा या सगळ्यांवर अगदी एकच राहील हे पाहा.

देवनागरीचे गणित रोमनपेक्षा वेगळे आहे. कार्टून नेटवर्कच्या १९९२ च्या चिन्हात दोन ओळी आणि चौदा काळे-पांढरे चौकोन होते, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांची अक्षरे सात-सात भरतात. तेच नाव मराठीत लिहिले की एका शब्दात तीन अक्षरे होतात, दुसऱ्यात चार, आणि मात्रा, रफार, उकार चौकोनाबाहेर जाऊ लागतात. म्हणून इंग्रजी चिन्हाचा साचा घेऊन त्यात मराठी नाव कोंबू नका. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. ती रेषाच चिन्ह होऊ शकते का, हे आधी कागदावर करून बघा. दुकानाच्या पाटीवर तुम्ही जी रेषा रोज एका दमात ओढता, तिचे वळण संगणकावरच्या तयार फॉण्टला येत नाही.

पाटी रस्त्यावरून वाचायची असते, वाहिनीचे चिन्ह मात्र दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढे बसलेले असते. त्या आकारात बारीक मात्रा आणि अनुस्वार आधी नाहीसे होतात, तेव्हा ते मुद्दाम ठळक ठेवा. चिन्ह पडद्याच्या अगदी कडेला चिकटवू नका. जुन्या टीव्ही संचांत कडेचा भाग कापला जातो आणि पहिले अक्षर अर्धे होते. काम संपल्यावर ते एकरंगी करून केबलच्या महिन्याच्या पावतीवर रबरी शिक्क्याने उमटवा, आणि शाई थोडी पसरल्यावरही शेजारच्या दुकानदाराला नाव वाचता येते का, हे त्यालाच विचारा. त्याला वाचता आले नाही तर शिक्का पुन्हा करायला फार खर्च येत नाही. एकदा बोर्ड आणि गाडी रंगवून झाली की येतो.