खाऊगप्पा: मिसळ बाहेर, गोड घरात

उन्हाळा तोंडावर आला की या सदरात दोनच प्रकारचे प्रश्न येतात, पाहुण्यांना कुठे न्यायचं आणि गोड काय करायचं. माझं मत जुन्या वाचकांना पाठ आहे पण नव्यांसाठी परत सांगते, झणझणीत खायचं तर बाहेर जा कारण तो रस्सा मोठ्या पातेल्यातच जमतो, आणि गोड मात्र घरी करा कारण ते थोडंसं आणि ताजंच चांगलं लागतं. अपवाद एकच, तो खाली येईलच.

ताई, पुढच्या रविवारी कोल्हापूरची सासरची मंडळी येतायत, सोबत दोन लहान मुलं आणि सत्तरीच्या आत्याबाई. नाशिकची मिसळ खाऊ घालायचीच आहे पण "आमच्याकडची जास्त तिखट" हे ऐकून घ्यायची तयारी नाही. कुठे नेऊ?
*– इंदिरानगरहून एक सूनबाई*

आधी एक करा, तिखटाच्या स्पर्धेत उतरूच नका, कोल्हापूरकरांशी त्यात कोण जिंकणार! आपल्या मिसळीचं वेगळेपण तिखटात नाहीच मुळी, ते काळ्या मसाल्यात आहे. कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलेलं असतं त्याचा वास रश्श्याला येतो, आणि रस्सा वेगळ्या वाटीत येतो त्यामुळे किती ओतायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पाहुण्यांना हे बसल्याबसल्या सांगून टाका म्हणजे तुलना आपोआप बंद.

आता कुठे. लहान मुलं आणि आत्याबाई आहेत म्हणजे ऐसपैस जागा हवी, गावातल्या अरुंद गल्लीत गाडी लावायलाच अर्धा तास जाईल. गंगापूर-सातपूर लिंक रोडला बारदान फाट्याजवळ साधना आहे, तिथली चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे आणि मोकळी जागाही आहे, मुलं पळत राहतात मोठे निवांत खातात. मखमलाबाद, गंगापूर रोडच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेने पण अशी ठिकाणं झालीयेत, बागेत बसून मिसळ हा प्रकार कोल्हापूरकरांना नवा वाटेल. सातपूरला श्यामसुंदर आहे, ते जुन्या लोकांचं ठिकाण, तिथे गप्पांपेक्षा खाण्याकडे लक्ष. नऊच्या आत पोचा, दहानंतर रविवारी सगळं नाशिक मिसळीलाच निघालेलं असतं आणि मग टेबलाच्या मागे उभं राहून "तुमचं झालं का हो" असं बघत बसावं लागतं.

आणि खायचं कसं ते दाखवा हो. ताटलीत मटकी, वर शेव-फरसाण, शेजारी कांदा, लिंबू, दही आणि पापड. बरेच पाहुणे पापड आधीच कुरुमकुरुम खाऊन टाकतात. अर्धा खा, अर्धा चुरून वर टाका, मग रस्सा दोन पळ्या, सगळा एकदम ओतायचा नाही नाहीतर शेवेचा लगदा होतो. लिंबू शेवटी. आत्याबाईंना दह्यात कालवून द्या, मुलांना नुसती मटकी, शेव आणि पाव, मुलं त्यात खूष असतात. काही ठिकाणी मिसळीसोबत जिलबी पण मिळते, ती मुलांना दिली की तुमचा सकाळचा प्रश्न मिटला.

मिसळ तिखट लागली की पाणी प्यावं की ताक? आमच्याकडे यावरून वाद आहेत.
*– एक वाचक, नाशिकरोड*

पाणी नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो फक्त. दूध-दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश त्याला धरून ठेवतात म्हणून दह्याचा चमचा लगेच काम करतो. ताक पातळ आणि लोणी काढलेलं असेल तर दह्याइतकं लागू पडत नाही पण पाण्यापेक्षा बरंच. वाद मिटवा आणि दही मागवा.

भावाने पिंपळगावहून द्राक्षांची पेटी पाठवली, शिवाय मिस्टरांनी रस्त्यावर स्वस्त मिळाले म्हणून काळे मणी तीन किलो आणले. घरात आता कुणी द्राक्षांकडे बघत पण नाही. फ्रीज भरलाय. काहीतरी सोपं गोड सांगा ना, ओव्हन नाहीये. आणि बेदाणे घरी करू का?
*– गंगापूर रोडवरून त्रस्त गृहिणी*

हा खास आपला नाशिकचा प्रॉब्लेम आहे, बाकीच्या महाराष्ट्राला कळायचा नाही! मणी म्हणजे घडातून सुटलेली द्राक्षं, चवीला तीच पण टिकत नाहीत, म्हणून आधी काळे मणी संपवा आणि पेटीतली नंतर. आणि हो, पेटीतल्या द्राक्षांवर जी पांढरट झाक दिसते ती पुसत बसू नका, सालीवरचा नैसर्गिक मेणाचा थर असतो तो. खायच्या आधी वाहत्या पाण्यात धुवा, सगळी एकदम धुऊन फ्रीजमध्ये ठेवलीत तर लवकर सडतील.

काळ्या मण्यांची जेली करा, चायना ग्रासची. जिलेटिन प्राण्यांपासून करतात, बऱ्याच घरांत ते चालत नाही, चायना ग्रास समुद्री शेवाळाचं असतं त्यामुळे ती अडचणच नाही आणि ते फ्रीजशिवाय पण घट्ट होतं. एक किलो मणी धुऊन पाव वाटी पाण्यासोबत झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं शिजवा, सालं फुटून जांभळा रस सुटतो, रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने दाबा आणि गाळून घ्या. मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया असतील तर त्या भरडल्या जाऊन रस तुरट होतो. साखर चाखून घाला, चार-पाच चमच्यांच्या वर सहसा लागत नाही. दुसरीकडे 10 ग्रॅम चायना ग्रासचे तुकडे करून दीड वाटी पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मंद गॅसवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हे पाण्यातच विरघळवायचं, थेट रसात उकळायचं नाही, आंबट रसात उकळत राहिलं की त्याची घट्ट धरायची ताकद कमी होते. विरघळलं की रसात मिसळा, पण रस कोमट हवा, फ्रीजमधला गार रस घेतलात तर चायना ग्रास त्यात पडल्यापडल्या गोळे धरतं आणि मग कितीही ढवळा उपयोग नाही. ताटात ओता, तासाभरात वड्या पडतात. मुलं कुरकुर न करता खातात, कारण त्यांना ती द्राक्षं वाटतच नाहीत.

हिरवी द्राक्षं देठं काढून, धुऊन, पुसून, पसरून फ्रीझरमध्ये ठेवा, दुपारी आईस्क्रीमसारखी लागतात. फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, गारही नको आणि साधंही नको, उभं चिरूनच द्या, घशात अडकतं.

बेदाणे घरी करू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. करता येतील पण दुकानासारखे हिरवट-पिवळे होणार नाहीत. शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात त्याने सालीवरचं मेण सुटतं, मग शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत टाकतात, तरी पंधरवडा जातो. घरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, निथळून, मलमलीच्या कपड्याखाली वाळवा. तपकिरी होतील, आंबटगोड होतील, शिऱ्यात मस्त लागतील.

श्रीखंड दरवेळी पातळ होतं. चक्का घट्ट असतो, साखर घातली की संपलं. पाडव्याला इज्जत वाचवा.
*– सिडको, नवीन नाशिक*

साखर घातल्यावर श्रीखंड सैल होणारच, साखर चक्क्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते. म्हणून चक्का तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त घट्ट हवा, फडक्यातून काढला तर गोळा तसाच उभा राहिला पाहिजे आणि फडक्याला ओल नको. एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्याचा साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का निघतो, तुमचा 500 निघत असेल तर आनंद मानू नका, त्यात पाणी आहे. साखर चक्क्याच्या वजनाच्या पाऊण पट, फार गोडखाऊ घर असेल तर बरोबरीने. वाटीने मोजू नका हो, वजनाने मोजा.

मार्चमध्ये आपल्याकडे दही चार-पाच तासांत लागतं, रात्रभर बाहेर ठेवलंत तर आंबट होणार आणि मग आंबटपणा मारायला तुम्ही साखर वाढवणार, मग परत पातळ! त्यामुळे सकाळी विरजण, दुपारी लागलं की लगेच फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली भांडं, वर वजन, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. साखर मिसळली की तासभर झाकून ठेवा मग पुरणयंत्रातून काढा, पुरणयंत्राला पर्याय नाही, मिक्सर तर बिलकुल नाही, त्याने दह्याचं टेक्श्चर तुटून श्रीखंड वाहायला लागतं. जायफळ थोडंच, वेलदोडा सढळ. द्राक्षं घालायची असतील तर वाढताना वाटीत वरून, आधी मिसळून ठेवलीत की ती पाणी सोडणार आणि तुम्ही मलाच पत्र लिहिणार.

खाली निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा.

26 जानेवारीला आम्ही घरी जिलबी केली, मऊ पडली आणि वेड्यावाकड्या चकल्या झाल्या. 15 ऑगस्टसाठी आत्तापासून विचारतोय.
*– पंचवटी*

हाच तो अपवाद. जिलबी विकत आणा! पीठ रात्रभर आंबवणं वगैरे जमेल तुम्हाला, पण हलवायाकडे असते तशी पसरट, सपाट बुडाची कढई तुमच्याकडे नाही. त्या कढईत तेल-तूप उथळ असतं म्हणून जिलबी सपाट तरंगते आणि दोन्हीकडून कडक होते, आपल्या खोलगट कढईत ती पोहायला लागते आणि वेटोळं मोडतं. मऊ पडण्याचं कारण बहुतेक पाक. तो एकतारी आणि कोमट हवा, जिलबी मात्र कढईतून काढल्याकाढल्या त्यात जायला हवी, बुडली की काही सेकंदांत बाहेर. पाक पातळ असेल तर ती पाणी पिते आणि लोळागोळा होते.

गावात बुधा हलवायाची जिलबी घ्या, 15 ऑगस्टला सकाळी सगळीकडेच रांग असते तेव्हा घरातल्या लवकर उठणाऱ्या माणसाला पाठवा. आणि घरी तेवढ्यात रबडी करा, ती सोपी. एक लिटर फुल क्रीम दूध पसरट भांड्यात मंद गॅसवर, साय आली की उलथन्याने बाजूला कडेला चिकटवायची, परत आली परत चिकटवायची, दूध एक तृतीयांश राहिलं की कडेची साय खरवडून आत घाला, चार चमचे साखर, वेलची, झालं. पाऊण तास लागतो पण सारखं उभं राहायची गरज नाही, अधूनमधून लक्ष ठेवलं तरी पुरतं. गरम जिलबी, गार रबडी, काय पाहिजे अजून.

नागलीचे (नाचणीचे) लाडू टाळ्याला चिकटतात आणि वाळूसारखे लागतात. गावाकडून सुरगाण्याची नागली आली आहे, वाया घालवायची नाही.
*– म्हसरूळ*

पीठ कच्चं राहतंय. बेसन कसं रंग बदलतं त्यावरून कळतं, नागली मुळातच तपकिरी, तिचा रंग डोळ्यांना काहीच सांगत नाही. वासावर जा. दोन वाट्या पिठाला पाऊण वाटी तूप, पण एकदम नाही, निम्म्या तुपात भाजायला घ्या आणि लागेल तसं सोडा. आधी ओल्या मातीसारखा वास येतो, मग तो जातो, मग खमंग यायला लागतो आणि उलथनं हाताला हलकं लागतं. मंद गॅसवर पंधरा मिनिटं तरी जातात. गॅस बंद करून पीठ कोमट झालं की एक वाटी किसलेला गूळ, गरम पिठात टाकलात तर गूळ वितळून लाडू दगड होतात. तळलेला डिंक चुरून घातला तर वाळूसारखं लागणं कमी होतं. पीठ दळताना गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि दोनदा चाळा.

मी कॉलेज रोडला पीजीमध्ये राहतो, फक्त इंडक्शन आणि एक पातेलं आहे. गोड खायची फार इच्छा होते, रोज विकतचं परवडत नाही.
*– एक विद्यार्थी*

सुधारस कर रे बाळा. आजीला विचार, तिला माहीत असेल. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, उकळून एकतारी पाक, म्हणजे थेंब दोन बोटांत धरून बोटं लांब केली की एक तार निघते. खाली उतरव, जरा निवला की एका लिंबाचा रस, वेलची असेल तर वेलची, केळ्याचे काप. लिंबाने पाकाची परत साखर होत नाही, म्हणून केळी न घालता बाटलीत भरून ठेवलास तर आठवडा जातो. मेसची गार पोळी याच्यासोबत बरी लागते. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ मिळाले तर कुटून लाडू वळ, त्याला इंडक्शन पण नको.

एकादशीला मित्रमंडळी भेटणार आहोत, निम्म्यांचा उपवास, निम्मे मिसळवाले. एकाच ठिकाणी कसं जमवायचं?
*– मेनरोड परिसर*

एकाच ठिकाणी कशाला? आधी उपासवाल्यांसाठी मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा, तिथे बाकीचेही दोन-दोन खातातच, मग चालत जा आणि मिसळवाल्यांना मिसळ किंवा पाववडा घेऊ द्या. पाववडा बाहेरून येणाऱ्या मित्राला नक्की द्या, सारण भरलेला अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला असतो, वडापाव समजून हातात घेतात आणि मग बघत राहतात. उपासवाल्यांनी तेवढा वेळ चहा प्यावा. आणि सगळ्यांना गोड हवं असेल तर कुणाच्या तरी घरी श्रीखंड करून ठेवा, ते उपासालाही चालतं.