आंतरराष्ट्रीय युवा नेतृत्व परिषदेसाठी ‘निवड’ झाल्याचा ईमेल आलाय. ४२ हजार फी भरून बँकॉकला जावं का?

तू लिहिलंयस की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, परिषद चार दिवसांची आहे, फी पाच दिवसांच्या आत भरायची आहे, विमानाचं तिकीट वेगळं, आणि घरचे म्हणतायत ‘एवढी निवड झालीय तर सोडू नको’. वय वीस म्हणतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी अशाच एका परिषदेला बँकॉकला जाऊन आलोय. नाव सांगत नाही, कारण नाव बदलून अशा चारदोन परिषदा दरवर्षी निघतात आणि त्यांचे ईमेल एकाच साच्यातले असतात.

अर्ज मी रात्री साडेअकराला भरला. दोनशे शब्दांत ‘तुमच्या मते नेतृत्व म्हणजे काय’ लिहायचं होतं. लाइट गेली, मोबाइलची बॅटरी संपत आली, म्हणून शेवटचं वाक्य अर्धवट सोडूनच बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसायच्या आत ‘अभिनंदन, हजारो अर्जांतून आपली निवड झाली आहे’. ते अर्धवट वाक्य कुणी वाचलं असतं तर निदान ‘पुढे काय?’ असं तरी विचारलं असतं. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी ईमेल चुलत्याला दाखवला, आणि तिथंच घोटाळा झाला.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याने कॉलेजच्या ओळखपत्रावरचं माझं तोंड कापून कुणाच्या तरी ब्लेझरवर चिकटवलं होतं. मागे विमान, वर संयुक्त राष्ट्रांचं निळं बोधचिन्ह (हे कुठून आलं देव जाणे), खाली अकरा शुभेच्छुक. ‘भीमाकाठच्या सुपुत्राची जागतिक परिषदेसाठी निवड’. शाळेत शाल-श्रीफळही झालं. हे सगळं होईपर्यंत मी फी भरलेलीच नव्हती. फ्लेक्स लागल्यावर माघार कशी घेणार? वडिलांनी पतसंस्थेतून पन्नास हजार उचलले.

माझी फी ३८ हजार होती. मुंबई-बँकॉक येण्याजाण्याचं तिकीट २३ हजार, वर पासपोर्ट, विमा, बाहेरचं खाणं धरून आकडा ७४ हजारांवर गेला. फीमध्ये चार रात्रींचं हॉटेल, नाश्ता, एक शहरदर्शन आणि सांस्कृतिक रात्र. त्याच हॉटेलची दोघांची खोली मी परत आल्यावर ऑनलाइन बघितली, रात्रीला साडेतीन हजार. म्हणजे माझ्या वाट्याला चार रात्रींचे सात हजार. जेवण, हॉल, बस, गळ्यातला पट्टा असं सगळं ढिलं धरून चाललं तरी अर्ध्याच्या वर पैसे कुठे गेले ते मला सांगता येत नाही. ही फसवणूक म्हणावी का? नाही म्हणता येणार. जे छापलं होतं ते दिलं. फक्त ती ‘निवड’ नव्हती, बुकिंग होतं.

परिषदेत काय असतं? पहिल्या दिवशी उद्घाटन आणि फोटो. पुढचे दोन दिवस संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल. प्रत्येकाला एक देश मिळतो आणि त्या देशाच्या वतीने बोलायचं. मला पॅराग्वे आला आणि विषय होता समुद्रातलं प्लॅस्टिक. पॅराग्वेला समुद्रच नाही. मी उभा राहून ‘माननीय अध्यक्ष, माझ्या देशाला या लाटांची चिंता वाटते’ असं म्हणालो आणि कुणीही हसलं नाही, कारण जो तो आपापल्या मोबाइलवर पुढचं भाषण शोधत होता. हॉलमध्ये निम्मे तरी भारतीय. संध्याकाळी त्यातले बरेचसे शाकाहारी थाळी कुठे मिळते ते शोधत फिरायचे, मीही त्यात होतो. चौथ्या दिवशी राजदमनर्न नोक रस्त्यावर संयुक्त राष्ट्रांचं आशिया-पॅसिफिकचं मुख्यालय आहे, त्याच्या फाटकाबाहेर बस थांबवून आमचे फोटो काढले. आत नाही गेलो. गावात तो फोटो बघून सगळ्यांना वाटलं आत बसून आलोय, आणि मीही कुणाला दुरुस्त केलं नाही.

आता दुसरी बाजू. दुपारच्या चहाला माझ्या शेजारी फिलिपिन्सची एक मुलगी बसली होती, टॅक्लोबानची. २०१३ च्या ८ नोव्हेंबरला तिथं हैयान वादळ आलं, त्यांच्याकडे त्याला योलांडा म्हणतात. सहा हजारांच्या वर माणसं गेली. ती तेव्हा अकरा वर्षांची. ती म्हणाली, इशारा आला नव्हता असं नाही. रेडिओवर ‘स्टॉर्म सर्ज’ येणार म्हणून सांगत होते. पण हा शब्द तिच्या आजीला काय कळणार? वादळात पाऊस येतो, वारा येतो, एवढं ठाऊक. समुद्रच उठून घरात येणार हे त्या शब्दात कुणाला दिसलं नाही. ‘त्सुनामी म्हणाले असते तर सगळे पळाले असते,’ असं ती म्हणाली. आता ती आणि तिचे मित्र इशारे वाराय भाषेत, तिथल्या लोकांना डोळ्यांसमोर दिसेल असे लिहून देतात. पाणी किती मीटर हे सांगत नाहीत. चर्चच्या कितव्या पायरीपर्यंत येईल ते सांगतात.

चहा गार झाला माझा. कारण आमच्याकडे हेच होतं. दर पावसाळ्यात मोबाइलवर मेसेज येतो: ‘उजनीतून भीमेत एक लाख क्युसेक विसर्ग, वीरमधून नीरेत तीस हजार, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे मी बारावीला पाठ केलेलं. पण एक लाख क्युसेकला आमच्या आळीत पाणी येतं की नाही, हे ना मला माहीत, ना आईला. लोक नदीवर जाऊन बघतात, ‘अजून लांब आहे’ म्हणतात, आणि पहाटे जनावरं सोडायची धावपळ होते.

आल्यावर मी एवढंच केलं. गावातल्या चार-पाच म्हाताऱ्यांना घेऊन बसलो. २०२० च्या ऑक्टोबरात पाणी कुठवर होतं, त्याआधी कुठवर होतं. प्रत्येकाची खूण वेगळी: कुणी म्हणे पाराच्या तिसऱ्या पायरीला, कुणी म्हणे गिरणीच्या उंबऱ्याला. भांडणंही झाली. मग त्या पावसाळ्यात विसर्गाचे मेसेज आले की किती क्युसेकला पाणी कुठवर आलं ते मी आणि माझा भाऊ खडूने मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर आखायचो, आणि नंतर ऑइल पेंटने पक्कं केलं. आता मेसेज आला की बाया भिंतीकडे बघतात आणि ठरवतात, धान्याची पोती आज वर चढवायची की उद्या. तलाठी भाऊसाहेबांनी एकदा येऊन फोटो काढून नेला. खर्च रंगाच्या एका डब्याचा.

तेव्हा ‘परिषदेचा उपयोग झाला का’ याचं उत्तर मला नीट देता येत नाही. एका चहाचा झाला. ७४ हजारांना तो चहा महाग पडला, पण टॅक्लोबानची मुलगी मला पंढरपूरच्या स्टँडवर भेटली नसती हेही खरं.

नोकरी आणि परदेशी प्रवेशासाठी प्रमाणपत्र चालेल का, हे तू विचारलंयस. एका फेलोशिपच्या मुलाखतीत माझं प्रमाणपत्र बघून मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमची निवड कशी झाली?’ मी म्हणालो, फॉर्म भरला. त्यांनी कागद बाजूला ठेवला. पुढे भिंतीच्या रेघांवर मात्र बराच वेळ विचारलं. फेलोशिप मिळाली नाही, ते वेगळं.

आणि फी असली म्हणजे ठकच, असंही नाही. ‘वन यंग वर्ल्ड’ ही नावाजलेली परिषद २०१० मध्ये लंडनला सुरू झाली, तिलाही फी आहे. पण ती बहुतेकदा तरुण जिथे काम करतो ती कंपनी भरते, किंवा शिष्यवृत्ती असते, आणि शिष्यवृत्तीला खरोखर चाळणी लागते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा युथ फोरम भरतो, त्याला नोंदणीची फी नाही, पण प्रवास आपला आणि अमेरिकेच्या व्हिसाचे पैसेही आपलेच. आपल्याकडे २०२३ मध्ये जी-२० चं अध्यक्षपद होतं तेव्हा वाय-२० ची, म्हणजे जी-२० च्या तरुणांच्या गटाची, शिखर परिषद वाराणसीला झाली, त्याआधी गुवाहाटी, लेह, पुण्यातही बैठका झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारत मंडपमला ‘विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग’ झाला, देशभरातून तीन हजार मुलं. केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवर आधी प्रश्नमंजुषा, मग निबंध, मग राज्य पातळीवर सादरीकरण. आंतरराष्ट्रीय नाही, पण तिथं ‘निवड’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

तुझ्या ईमेलला आज उलट लिही आणि तीन गोष्टी विचार. वक्त्यांची नावं आत्ता सांगा. मागच्या वर्षी किती अर्ज आले आणि किती नाकारले. आणि मी आलो नाही तर किती पैसे परत. संयुक्त राष्ट्रांचं नाव वापरलं असेल तर त्यांची कुठली संस्था, कुठल्या पत्राने जोडलेली आहे तेही विचार. नुसतं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांचं १७ रंगांचं चक्र छापलं म्हणजे काही होत नाही. उत्तरात नावांऐवजी ‘लवकरच जाहीर करू’ आणि सोबत ‘तुमच्यासाठी दोन दिवसांची मुदतवाढ’ आली, तर पैसे ठेव खिशात.

एवढं करूनही जायचंच ठरवलंस तर थायलंडचे नियम तिकिटाआधी बघ. मी गेलो तेव्हा व्हिसा लागला नव्हता, १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना सूट सुरू झाली होती, पण ते बदलत असतं. १ मे २०२५ पासून आगमनाचं कार्डही ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद कर.

आणि घरच्यांना सांग, फ्लेक्सची ऑर्डर तेवढी थांबवा. आमचा अजून कडब्याच्या गंजीवर पसरलेला आहे. ब्लेझरवरून पाणी छान निथळतं, वडील म्हणतात कापड भारी आहे.