मुका मार आणि फाटलेली श्वासनलिका: नव्या शल्यचिकित्सकास सल्ला
छातीला मुका मार लागलेल्या रुग्णाच्या छातीत नळी घातल्यावरही हवेचे बुडबुडे थांबत नसतील आणि फुप्फुस फुलत नसेल, तर श्वासनलिका किंवा तिची मुख्य शाखा फाटल्याची शंका घेऊन ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वसनमार्गाची आतून तपासणी) करावी. अशा बहुतेक जखमा श्वासनलिका दुभंगते त्या जागेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत असतात. अनुभवी भूलतज्ज्ञाला आधीच बोलवा, कारण आंधळेपणाने सारलेली श्वासोच्छ्वासाची कृत्रिम नळी अर्धवट फाट पूर्ण करू शकते. ती ब्राँकोस्कोपवरूनच जखमेपलीकडे न्यावी. छाती उजवीकडून उघडल्यास श्वासनलिकेचा खालचा भाग आणि डाव्या शाखेचा आरंभही हाती येतो. चिरडलेल्या कडा छाटाव्यात, मात्र भोवतालचा रक्तपुरवठा सोलून काढू नये (उत्साही हातांकडून हे हमखास होते). विरघळणाऱ्या धाग्याच्या गाठी नलिकेबाहेर ठेवाव्यात आणि शिवणीवर बरगड्यांमधील स्नायूचा पदर बसवावा.